गोपालच्या नावाची घागर

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा
८ फेब्रुवारी २०२४

चि. धर्मेंद्र यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. कारखान्याचा हंगाम जोरात आहे, त्यामुळे पांढरे कपडे वाळत घालायचे आणि चिमणीच्या काजळीने काळे करून घरात आणायचे हा आमचा उद्योगही जोरात आहे. टाइम ऑफिसात जेवायची सवड मिळत नाही. काजलची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून अभ्यास सोडून बाकी सगळं ती मन लावून करते. तिच्या पप्पांचा गुडघा आहे तसाच आहे आणि डॉक्टरकडे न जाण्याचा निश्चयही आहे तसाच आहे.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं एक वाक्य होईस्तोवर तुझी तीन होतात, आणि ती गोड असतात. गोष्टी लिहून पोट भरणाऱ्या माणसाशी तोंडी भांडू नये हे मला आता कळलंय. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

दिवाळीत तू आईला म्हसावदच्या ओट्यावर बसवून तुमच्या गेमची गोष्ट सांगितलीस. विलायतेतल्या कंपनीचा पैसा, तुमच्या पुण्याच्या ऑफिसात शेकडो पोरं काही वर्षं राबताहेत, आणि गोष्ट लिहिणारा मुख्य माणूस म्हसावदचा. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. नदीकाठचं गाव, सोनजी नावाचा तरणाबांड पोरगा, खेळणाऱ्याने त्याला घेऊन लढाया करायच्या, त्याच्यावर जीव लावायचा. आणि निम्म्या खेळात सोनजी पुरात वाहून जातो. परत येत नाही. कितीही बटणं दाबा, येत नाही. उरलेला खेळ त्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन खेळायचा. तिच्या हातात तलवार नाही, काही नाही. ती दारोदार विचारत जाते, माझा मुलगा पाहिला का. शेवटी नदीवर बसून ती त्याच्या नावाने रडते, तेव्हा खेळ संपतो. एवढा पैसा घातलेल्या खेळात असं करायची कोणाची छाती होत नाही, तुझे साहेब तयार होता होता झाले, हेही तू सांगितलंस.

आणि मग हळूच म्हणालास, ते रडणं आईचं पाहिजे.

धर्मा, अरे काय मागतोस तुला कळतं का? म्हसावदात कोणी गेलं की पहिला सूर आईचा असायचा. मेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य ती हेल काढून मांडायची आणि दगडाला पाझर फुटायचा, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण आपला गोपाल गेल्यापासून आई कोणाच्या मयताला रडलेली नाही. जाते, बसते, उठून येते. गोमाईच्या पुरात फरशी पुलावरून गोपाल मोटारसायकलसकट वाहून गेला. गाडी दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेली सापडली, गोपाल सापडला नाही. तेव्हापासून आईचं एकच: "गाडी सापडनी ना? मंग तो निंघीसन चालना गया व्हई. ई तो." रोज संध्याकाळी त्याची भाकर झाकून ठेवते, सकाळी कुत्र्याला घालते. घराला कडी लावत नाही. आपल्या घराण्यात त्याचे दिवस झाले नाहीत, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरतात त्यात त्याच्या नावाची कधी भरली गेली नाही. अशा बाईला तू सांगतोस की खोट्या पोरासाठी रडून दाखव.

घरचं दुखणं बाजारात मांडू नये. तुला मांडायचंच असेल तर तुझं मांड, तिचं नको. मला तुझा राग आला आहे आणि तो कागदावर मावत नाही.

आता खालचं लिहायचं मी टाळत होते. परवा आईने मला विचारलं, धर्माची गाडी न्यायला कधी येणार? मी म्हटलं, तू जाणार आहेस? तर म्हणते, "खेळमानी मायले रडता येत नही म्हने. मंग शिकाडी देसू तिले." मी खूप समजावलं. ती ऐकत नाही. मी बरोबर येणार आहे, तेवढी ऑफिसातून रजा काढते. तिला काही झालं तर तुझ्या साहेबाला मी सोडणार नाही, आणि तुला तर मुळीच नाही.

ताई


म्हसावद
११ मे २०२४

चि. धर्मास ताईचे आशीर्वाद.

काल आखाजी झाली. आईने गोपालच्या नावाने घागर भरली.

हे पहिल्यांदा लिहून टाकलं, नाहीतर मी पानभर ऊस आणि ऊन लिहीत बसले असते. नवी घागर तिने स्वतः कुंभाराकडून आणली. आपल्या वडलांची, दादांची, दरवर्षी भरते त्या घागरीशेजारी मांडली, वर डांगर ठेवलं, आंबे ठेवले. पुरणपोळी, आमरस केला. निखाऱ्यावर आगारीचा घास टाकताना दादांचं नाव घेतलं आणि मग गोपालचं घेतलं. आवाज हलला नाही. मीच स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

पुण्यात त्या दिवशी तू मध्येच बाहेर निघून गेलास, म्हणून तुला काही गोष्टी ठाऊक नाहीत. भिंतींना गाद्या लावलेली ती खोली. कानावर यंत्र चढवून आई खुर्चीवर, मी कोपऱ्यात. तुमच्यातली ती गोरीपान मुलगी गोड बोलून म्हणाली, आजी, मुलाचं नाव सोनजी आहे, तेच घ्या. आईने सूर लावला आणि थांबली. पुन्हा लावला, पुन्हा थांबली. मग म्हणाली, "नाव लिधाबिगर रडू कसं ई? आनि ह्या सोनजीले मी कोठे वळखस?" मुलीला कळलं नाही. मी सांगणार तेवढ्यात आईने डोळे मिटले.

"मन्हा गोपाल रे, तुन्ही भाकर झाकी ठेवेल व्हती रे. मायले सांगी नही गया रे बापा, कोना हातनं पानी पिधं रे..."

तू इथवर होतास. पुढे तिने त्याची सगळी गोष्ट सांगितली. पाळण्यातला, शाळेतून पळालेला, दादांच्या हातचा मार खाल्लेला, केळीच्या बागेत साप धरलेला. नदीला शिव्या दिल्या. आणि शेवटी, धर्मा, त्याला म्हणाली की आता जा. काचेपलीकडे तुमचे साहेब उभे होते. अहिराणीचा एक शब्द त्या माणसाला येत नसणार, पण तो खाली बसला.

झाल्यावर तिला पाणी दिलं तर प्यायली नाही. अंघोळ केल्याशिवाय कशी पिईल? मयताचं रडणं झालं होतं. तुमच्या त्या चकचकीत ऑफिसात सगळं आहे, डोक्यावरून पाणी घ्यायला जागा नाही. तुझ्या फ्लॅटवर येईपर्यंत ती तशीच कोरड्या तोंडाने गाडीत बसली होती. इथे आल्यावर दहावं केलं, तेरावं केलं. लोक म्हणाले, आता? इतक्या वर्षांनी? ती म्हणाली, मी आत्ता रडले, तो आत्ता गेला.

त्या दिवसापासून भाकर झाकून ठेवत नाही. उद्या घराला कुलूप लावून माझ्याबरोबर क्वार्टरवर राहायला येते आहे. मी इतकी वर्षं डोकं फोडलं ते झालं नाही, तुझ्या खेळाने झालं.

म्हणून फेब्रुवारीत लिहिलेलं मी मागे घेते. आवाज पुन्हा घेता येणार नाही, तेव्हा खेळातल्या पोराचंच नाव गोपाल करून टाकलं, असं तू फोनवर म्हणालास. ते आईला सांगितलं. "बरं कया," म्हणाली. मग म्हणाली, "आते तेले कोनी उठाडू नका."

तुझं काम चांगलं आहे. हे मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

ताई


पुरुषोत्तमनगर
२२ एप्रिल २०२५

धर्मा,

आई बरी आहे. हंगाम संपला, भोंगा बंद आहे, कपडे पांढरे राहतात. ऊन असं आहे की दुपारी कॉलनीत कुत्रंही दिसत नाही. नंदुरबारला गेले होते, मिरचीच्या पथाऱ्या बहुतेक उठल्या आहेत, तरी रिक्षात बसेपर्यंत शिंका थांबल्या नाहीत. काजल पास झाली. तिच्या पप्पांनी शेवटी गुडघा दाखवला, आता डॉक्टरने सांगितलेला व्यायाम न करण्याचा निश्चय केला आहे.

तू फोन उचलत नाहीस. आधी मला वाटलं कामात असशील. गेम बाहेर आला, धावपळ असेल. मग काजल म्हणाली, मामाने तिचेही मेसेज बघून सोडून दिले. तेव्हा कळलं की तुला तोंड दाखवायचं नाही.

तुमचा गेम काजलच्या मैत्रिणीच्या भावाकडून आणलेल्या मशीनवर आमच्या टीव्हीला जोडला. आईसाठी पुढे खुर्ची मांडली. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि शेजारपाजारच्या बायका "कौसाबाईंचा आवाज कधी येणार" म्हणून बसल्या होत्या. खेळ भलताच लांब. काजल रोज संध्याकाळी थोडा थोडा खेळायची आणि आई मालिका बघावी तसा बघायची. चुकाही काढायची. बैल असे जुंपत नाहीत म्हणाली. नदी मात्र बरोबर दाखवली म्हणाली. गोपाल लढायला लागला की खुर्चीचा हात घट्ट धरायची, पण शांत होती. पुढे काय होणार हे तिला तू त्या दिवाळीतच ओट्यावर सांगितलं होतंस.

पूर आला. गोपाल गेला. बायका हळहळल्या. आई म्हणाली, "आते मन्हा आवाज ई."

आला. खरंच आला, आणि काय आला! पण म्हातारी कुठे दिसेना. दारोदार जाणं नाही, विचारणं नाही. नुसतं पाणी, आणि वर आईचं रडणं. मग पाणी दुभंगलं आणि आतून गोपाल उठला. अंगाभोवती उजेड, हातात पहिल्याहून मोठी तलवार. काठावर आला आणि म्हणाला, "माय, मी उनू."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काजल माझ्याकडे बघत राहिली. आई उठून उभी राहिली.

सकाळी तिने म्हसावदच्या घराची किल्ली मागितली.

काजलने मग इंटरनेटवर शोधून मला वाचून दाखवलं. गेम बाहेर काढण्याआधी तुमच्या कंपनीने लोकांना खेळायला बसवलं होतं. मुलगा मेला आणि हातात म्हातारी आली की लोक चिडायचे, खेळ बंद करायचे. मग वरच्या साहेबांनी सांगितलं, मुलगा परत आणा. तू भांडला असशील, हे मला कोणी सांगायला नको. पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं तिथे तुमचं अवसान गळालं. इतके कोटी ओतले, इतकी वर्षं घातली, आणि एका म्हातारीला चार पावलं चालू द्यायची हिंमत झाली नाही. एका घरात मेलेलं माणूस मेलेलं राहू द्यायला जेवढी छाती लागते तेवढी म्हसावदच्या अंगठेबहाद्दर बाईने दाखवली. तुमच्या त्या इमारतीत ती एकाचीही निघाली नाही.

बरं, शेवट बदलला तर आवाज तरी काढून टाकायचा होता. नाव तरी बदलायचं होतं. पुन्हा सोनजी करायचा होता. मरतानाचं रडणं उठतानाच्या बाजाला लावायचं कोणाला सुचलं? मी स्वतःशी म्हणत होते की हे साहेबांचं काम, त्यांना अहिराणी कळत नाही, त्यांना ते नुसतं गाणं वाटलं असेल. तुझी बाजू मीच घेत होते. काल भाकरी करताना माझ्या ध्यानात आलं आणि तवा तसाच राहिला.

"माय, मी उनू."

धर्मा, त्या कंपनीत हे वाक्य लिहिता येणारा माणूस एकच आहे.

त्यांनी तुला सांगितलं असेल, नोकरीचा प्रश्न असेल, एवढंच एक वाक्य तर आहे असंही तुला वाटलं असेल. मला कारण ऐकायचं नाही. 'मी आलो' एवढंच, पण तू ते आपल्या घरच्या बोलीत लिहिलंस. गोपाल दारातून ज्या सुरात हाक मारायचा त्या सुरात त्या नटाकडून म्हणवून घेतलंस. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर आईने ओळखलं असतं की हा आपला नव्हे.

आता आई. आई बरी आहे असं वर लिहिलं ते खोटं आहे.

ती म्हसावदला गेली त्याला पंधरवडा होऊन गेला. मी अडवलं, काजलने पाय धरले. तिला काही भ्रम झालेला नाही, तसं समजू नकोस. खेळ आणि खरं यातला फरक तिने मलाच समजावून सांगितला. म्हणाली, "खेळ झूठा शे, मले मालूम शे. पन मी रडनू ते तर खरं व्हतं ना? मी रडनू तवय तो मरी गया. तेच रडनं आयकीसन तो उठना." तिच्या रडण्याने तो गेला हे आपण सगळ्यांनी मानलं, त्याचं तेरावं जेवलो. आता त्याच रडण्याने तो उठला म्हणते तर नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

पुन्हा भाकर झाकून ठेवायला लागली. पुन्हा दार उघडं. परवाच्या शुक्रवारी दिवेलागणीला कोणाची तरी मोटारसायकल घरापुढे थांबली. ती आतून धावत निघाली आणि उंबऱ्याला अडखळून ओट्यावरून खाली पडली. गाडीवाला पत्ता विचारायला थांबला होता. शेजारच्या अनुसयाबाईंनी तिला उचललं. खुब्याचं हाड मोडलं आहे. शहाद्याच्या डॉक्टरांनी घरी येऊन पाहिलं आणि सांगितलं, नंदुरबारला न्या, ऑपरेशन करा, या वयात अशी पडून राहिली तर पावसाळा बघणार नाही. गाडी दारात उभी केली होती. तिने दाराच्या चौकटीला हात घातला आणि सोडला नाही. मी बोटं सोडवायला गेले तर माझ्या हाताला चावली. आपली आई, धर्मा. गाडी परत पाठवली.

आता दारात खाट टाकली आहे. तिथून रस्ता दिसतो. कूस बदलताना ओरडते, आणि ओरडून झालं की विचारते, कोणी आलं का. मी रजा घेऊन तिथेच असते, आज कपडे न्यायला घरी आले आणि हे लिहिते आहे. पुढच्या बुधवारी आखाजी. दादांची घागर आणू का विचारलं, हो म्हणाली. दुसरीचं नाव काढलं तर तोंड फिरवलं.

तिला मी सांगून पाहिलं, काजलच्या पप्पांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. आमचं ती ऐकणार नाही, कारण गोष्ट आमची नाही. तुझी आहे. तूच तिला ओट्यावर बसवून सांगितलं होतंस की तो परत येत नाही. तूच तिला सांगितलंस की आला. तर आता तूच ये, तिच्या खाटेवर बस आणि म्हण की ते वाक्य मी लिहिलं, गोपालने म्हटलेलं नाही, गोपाल मेला. एवढं ऐकलं तर कदाचित ती गाडीत बसेल. कदाचित नाही बसणार. तुला शिव्या देईल, तुझं तोंड बघणार नाही म्हणेल. तुझ्या कंपनीला ज्याची भीती वाटली ते हेच, आणि आता ते तुझ्या वाट्याला आलं आहे. माझ्या हातात काही उरलेलं नाही. मला तिला या उन्हात, त्या दारात, कोणाची तरी वाट बघत मरू द्यायचं नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही.

तुला पत्र लिहिते म्हटल्यावर तिने निरोप दिला आहे. तो जसाच्या तसा लिहिते, एक शब्द माझा नाही.

"धर्माले लिख. तू तुन्हा भाऊले लई उना. बाकीसनी तेले सोडी दिधं, तू नही सोडं. तुन्हं भलं व्हवो. तुन्हा पोरंसोरं सुखी ऱ्हावोत."

हा आईचा आशीर्वाद, तू भावाला घेऊन आलास म्हणून. मी पोचवला. तो घेऊन तुला झोप लागत असेल तर पुण्यातच राहा.

हेमांगी